पैज तुम्ही हरलात, पण दादांचंही सगळं खरं नाही

ताई, तुमच्याकडे सासू-सुनांची पत्रं येतात हे माहीत आहे. आमच्या घरातलं भांडण भारतीय क्रिकेट संघावरून आहे, तरी पत्र रद्दीत टाकू नका. मी इंदिरानगरला राहतो, अंबडच्या एका कंपनीत आहे. दादा गावी, निफाड तालुक्यात, द्राक्षबाग बघतो. २०२४च्या भाऊबीजेला आम्ही सगळे गावी होतो. त्याच दिवशी वानखेडेवर न्यूझीलंडने आपल्याला ३-० धुतलं. दादा म्हणाला, "संघ उतरणीला लागला. पुढचं वर्ष संपायच्या आत घरच्या मैदानावर अजून एक मालिका जाणार." मी म्हटलं, "एक अपघात झाला, लगेच तिरडी बांधू नको." मिसळीची पैज लागली, अख्ख्या घराला. यंदा, २०२५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोलकाता झालं, गुवाहाटी झालं, दोन्ही कसोटी हरलो. दादाने फॅमिली ग्रुपवर टाकलं, "मिसळ कधी?" मी म्हटलं, कर्णधार गिलची मान आखडली, दोन्ही टॉस हरलो, ही काय पैज झाली? शब्दाने शब्द वाढला आणि मी लिहून बसलो, "बागेत घड आले नाहीत त्याचा राग संघावर काढू नको." दादा ग्रुपमधून बाहेर पडला. फोन उचलत नाही. वहिनी बोलते, पण "बरं आहे"च्या पुढे सरकत नाही. मध्यंतरी विराटने वनडेत लागोपाठ दोन शतकं ठोकली तेव्हा दादाला फोन करावासा वाटला, धीर झाला नाही. तुम्ही क्रिकेट बघता असं ऐकून आहे. संघ खरंच उतरणीला लागलाय का? आणि दादाशी बोलू कसं?
– एक धाकटा भाऊ, नाशिक

धाकटे भाऊ,

पैजेचा निकाल आधी लावून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. पैज तुम्ही हरलात, आणि साफ हरलात. गिलची मान आखडली हे खरं. पण कोलकात्यात जिंकायला १२४ धावा हव्या होत्या आणि अख्खा संघ ९३ वर आटोपला. त्याच खेळपट्टीवर दक्षिण आफ्रिकेचा टेंबा बावुमा एक बाजू धरून उभा राहिला आणि नाबाद ५५ करून गेला. त्या मॅचमधलं ते एकमेव अर्धशतक. आणि टॉसचं म्हणाल, तर २०२४ मध्ये बंगळुरूत टॉस आपणच जिंकला होता. हौसेने बॅटिंग घेतली आणि ४६ वर सगळे तंबूत. टॉसच्या नावाने किती रडायचं त्यालाही हद्द असते. तेव्हा मिसळ तुमच्याकडे लागू.

आता तुमचा प्रश्न. संघ उतरणीला लागलाय का, असं तुम्ही विचारता, पण तुम्ही दोघं एकाच संघाबद्दल बोलत नाही आहात. तुमच्या डोळ्यांसमोर २०२४चा टी-ट्वेंटी विश्वचषक आहे, २०२५ची चॅम्पियन्स ट्रॉफी आहे. दोन्ही स्पर्धांत आपण एकही मॅच हरलो नाही. त्या संघाला उतरण लागली असं म्हणणाऱ्याने आधी डोळे तपासून घ्यावेत. दादा बोलतायत ते पाच दिवसांच्या, पांढऱ्या कपड्यांतल्या, घरच्या मैदानावरच्या संघाबद्दल. २०१३ पासून त्या संघाने मायदेशात लागोपाठ १८ मालिका जिंकल्या. असा विक्रम दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाही. आणि त्या संघापुरतं बोलायचं तर दादांचं बरोबर आहे. विराटची रांची-रायपूरची शतकं सांगायला तुम्ही फोन केला नाहीत ते फार बरं केलंत. ती त्या वादात बसतच नाहीत. विराट मे २०२५ मध्येच कसोटीतून निवृत्त झालाय.

पण दादाही एका ठिकाणी घसरतात असं मला वाटतं. त्यांच्या हिशेबाने उतरण भाऊबीजेच्या त्या दुपारी सुरू झाली, न्यूझीलंडच्या एजाज पटेलने अकरा बळी घेतले आणि १४७ धावांचा पाठलाग करताना आपण १२१ वर संपलो तेव्हा. मोठा संघ असा एका दुपारी खाली येत नाही. तो आतून आधी पोकळ होतो, निकालात मागाहून दिसतो. मधली काही वर्षं तो जिंकतच असतो, आणि म्हणूनच कुणी बोललं की लोक वेड्यात काढतात.

वेस्ट इंडिजचं बघा. १९८० मध्ये न्यूझीलंडमध्ये हरले, त्यानंतर थेट १९९५ पर्यंत त्यांनी एकही कसोटी मालिका गमावली नाही. १९९५ मध्ये किंग्स्टनला स्टीव्ह वॉने २०० केल्या, ऑस्ट्रेलिया २-१ जिंकलं, आणि साम्राज्य कोसळलं असं सगळ्यांनी लिहिलं. पण रिचर्ड्स, मार्शल, ग्रीनिज, दुजाँ हे चौघे शेवटची कसोटी खेळले ते १९९१ साली, एकाच वर्षात. म्हणजे पाया १९९१ मध्येच हलला होता. पुढची चार वर्षं अँब्रोज आणि वॉल्श या वेगवान गोलंदाजांनी ते झाकून धरलं. मधल्या काळात तर त्यांनी ऑस्ट्रेलियात जाऊन मालिका जिंकली. १९९३च्या जानेवारीत अॅडलेडला एका धावेने जिंकले, आणि पुढच्याच पर्थच्या मॅचमध्ये अँब्रोजने एका स्पेलमध्ये एक धाव देऊन सात गडी घेतले. ते बघून "हा संघ उतरणीला लागलाय" असं कोण म्हणालं असतं? १९९८-९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ५-० झालं तोवर बोलायलाही काही उरलं नव्हतं.

हे दादांना मी समजावण्याची गरजच नाही. द्राक्षवाल्याला ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. ऑक्टोबरला गोडी छाटणी होते, मग घड दिसतात किंवा दिसत नाहीत. पण घड धरायचा की नाही हे ऑक्टोबरात ठरत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी तयार होते, तिच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, मे-जूनमध्येच ते ठरून जातं. तेव्हा ऊन मिळालं नाही, ढग आणि पाऊस राहिला, तर वरून काडी हिरवीगार, जाडजूड दिसते आणि आत घड नसतो. यंदा मे महिन्यापासून पाऊस हटला नाही आणि जिल्ह्यातल्या कितीतरी बागांत तेच झालं. म्हणून जाणता बागायतदार छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतो.

तर भारतीय कसोटी संघाचे डोळे मागे जाऊन तपासू. मी बोट ठेवीन ते २०२१च्या आसपास.

मधली फळी आधी. विराटने नोव्हेंबर २०१९ पर्यंत २७ कसोटी शतकं केली. त्यानंतर निवृत्तीपर्यंतच्या साडेपाच वर्षांत फक्त तीन: अहमदाबाद, पोर्ट ऑफ स्पेन आणि पर्थ. पुजाराने जानेवारी २०१९ मध्ये सिडनीला १९३ केल्या, आणि पुढचं शतक यायला डिसेंबर २०२२ उजाडला. अजिंक्य रहाणेचं शेवटचं कसोटी शतक मेलबर्नचं, डिसेंबर २०२०. म्हणजे तिसरा, चौथा आणि पाचवा क्रमांक, तीन भिंती, एकाच वेळी ओलावल्या होत्या. आणि या सगळ्या काळात घरच्या मैदानावर आपण मालिकांमागून मालिका जिंकत होतो. मग धावा कोण काढत होतं?

ही यादी मला तोंडपाठ आहे, कारण प्रत्येक वेळी माझा चहा गार झाला होता. डिसेंबर २०२२, मिरपूर, हे एक घरचं नव्हे, बांगलादेशातलं. त्यांच्याविरुद्ध १४५ हव्या होत्या आणि आपण ७ बाद ७४. श्रेयस अय्यरच्या सोबतीने अश्विनने मॅच काढून दिली. फेब्रुवारी २०२३, दिल्ली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ७ बाद १३९. अक्षर पटेलने ७४ केल्या, अश्विनसोबत ११४ची भागी केली आणि आपण जिंकलो. सप्टेंबर २०२४, चेन्नई. पुन्हा बांगलादेश, ६ बाद १४४. अश्विन ११३, जडेजा ८६, दोघांची १९९ची भागी. दुसऱ्या दिवशी सगळीकडे अश्विनचं कौतुक, त्याच्याच गावात शतक, अगदी रास्त. पण पहिले सहा जण १४४ मध्ये गेले कसे, ते बांगलादेशच्या गोलंदाजीवर, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. जिंकलेल्या मॅचची चौकशी कोण करतो? त्यानंतर महिन्याभरात बंगळुरूचे ४६ झाले.

मध्ये मध्ये धोक्याची घंटाही वाजत होती. २०२१ मध्ये चेन्नईत इंग्लंडकडून २२७ धावांनी हरलो. २०२३ मध्ये इंदूरला पहिल्याच दिवशी १०९ वर गारद, ऑस्ट्रेलिया नऊ गडी राखून जिंकलं. २०२४च्या जानेवारीत हैदराबादला इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात १९०ची आघाडी घेऊनही हरलो आणि टॉम हार्टली नावाच्या नवख्या फिरकीवाल्याने पहिल्याच कसोटीत डावात सात बळी घेतले. तिन्ही वेळा मालिका आपणच जिंकलो, ३-१, २-१, ४-१. त्यामुळे घंटा ऐकली कुणी नाही. तुम्हीही ऐकली नाहीत, दादांनीही नाही. आठवून बघा, हैदराबादनंतर दादांनी कुठली पैज लावली होती का?

हा विषय निघालाच आहे तर खेळपट्ट्यांबद्दल माझं जरा परखड मत आहे, ते सांगते. पूर्वी आपल्याकडची विकेट हळूहळू बिघडायची. पहिले दोन दिवस धावा, तिसऱ्या दिवसापासून चेंडू वळायला लागायचा, चौथ्या-पाचव्या दिवशी समोरच्यांचे हाल. अशा विकेटवर गोलंदाजाकडे कसब लागतं. उंची द्यायची, वेग बदलायचा, फलंदाजाला पुढे ओढायचं, तासभर वाट बघायची. ते अश्विन आणि जडेजाकडे होतं, पाहुण्यांकडे नसायचं. आणि त्याआधी आपले फलंदाज पाचशेचा डोंगर रचून मोकळे झालेले असायचे. आखाडा केला की हा सगळा फायदा आपण आपल्या हाताने पुसून टाकतो. पहिल्या तासापासून एक चेंडू हातभर वळतो, दुसरा सरळ येतो. गोलंदाजाने फक्त एका टप्प्यावर टाकत राहायचं, बाकीचं माती करते. मग साधा गोलंदाजही मुरलीधरन होतो. २०१७ मध्ये आपल्या पुण्याजवळच्या गहुंजेलाच ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने बारा बळी घेतले, आपण १०५ आणि १०७. त्यातून काही शिकलो म्हणावं, तर २०२४ मध्ये त्याच गहुंजेला न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने तेरा घेतले. त्याआधी त्याने कसोटीत एकदाही डावात पाच बळी घेतले नव्हते.

आणि यंदा कोलकात्यात पुन्हा तेच. चार फिरकीवाले खेळवले आणि अडीच-तीन दिवसांत खेळ खल्लास. हरल्यावर प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी स्वतः सांगितलं की आम्हाला हवी होती तशीच विकेट मिळाली. आफ्रिकेचा फिरकीवाला सायमन हार्मर याने त्या मॅचमध्ये आठ बळी घेतले. हा हार्मर २०१५ मध्येही इथे आला होता, तेव्हा आपण ३-० जिंकलो. मग तो इंग्लंडमध्ये कौंटी खेळला, वर्षानुवर्षं ओव्हरवर ओव्हर टाकली आणि मुरून परत आला. दोन कसोटींत १७ बळी.

तुमचा शेवटचा आसरा खेळपट्टीचा असेल, तर तोही गुवाहाटीने काढून घेतला. तिथली विकेट फलंदाजीला चांगली होती. आफ्रिकेने ४८९ केल्या. त्यांच्या सेनुरन मुथुसामीने शतक ठोकलं. त्याच विकेटवर आपण २०१. आणि ते कुणामुळे? मार्को यान्सेन या उंच डावखुऱ्या वेगवान गोलंदाजामुळे. आखूड टप्प्याच्या चेंडूंनी त्याने सहा जण काढले. दुसऱ्या डावात १४० आणि पराभव ४०८ धावांनी. धावांच्या हिशेबात भारताचा कसोटीतला हा सगळ्यात मोठा पराभव. फिरकीवर पडलो, वेगावर पडलो, वळणाऱ्या मातीत पडलो आणि चांगल्या विकेटवरही पडलो. दक्षिण आफ्रिका भारतात मालिका जिंकली ती २००० नंतर पहिल्यांदाच. याला अपघात म्हणता येत नाही, भाऊ.

इथपर्यंत मी दादांच्या बाजूने बोलले. ते "वेस्ट इंडिजसारखं होणार" म्हणत असतील, आणि पैज जिंकलेला माणूस असं काहीतरी म्हणतोच, तर तिथे मी तुमच्या बाजूला येते.

दादांना २०११-१२ची आठवण करून द्या. वानखेडेवर विश्वचषक जिंकून पाच महिने झाले नव्हते आणि इंग्लंडमध्ये आपण ४-० हरलो. मग ऑस्ट्रेलियात ४-०. द्रविड, लक्ष्मण गेले. २०१२च्या शेवटी इंग्लंड इथे आलं आणि २-१ जिंकून गेलं. तेव्हाही वानखेडेवर वळणारी विकेट केली होती, आणि तिच्यावर पानेसर आणि स्वान या त्यांच्या दोघांनी मिळून आपले १९ गडी घेतले. सगळं अगदी आत्तासारखं. तेव्हाही पारावर, पानटपरीवर हेच चाललं होतं की संपलं, आता सचिन गेला की बघायलाच नको. आणि त्या हरलेल्या मालिकेच्या शेवटच्या मॅचमध्ये, नागपूरला, रवींद्र जडेजा पहिल्यांदा कसोटी खेळला. कुणाचं लक्षही गेलं नाही. दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलिया आलं, आपण ४-० जिंकलो आणि ती १८ मालिकांची रांग सुरू झाली.

यंदाच्या उन्हाळ्यातलं इंग्लंडही दादा सोयीने विसरतात. रोहित, विराट, अश्विन तिघंही नाहीत, कर्णधार नवा, आणि बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळला. तरी २-२. गिलने ७५४ धावा केल्या. एजबॅस्टनला आपण याआधी कधीच जिंकलो नव्हतो, तिथे गिलने २६९ आणि १६१ केल्या आणि मॅच ३३६ धावांनी खिशात. ओव्हलला शेवटच्या सकाळी सिराजने सहा धावांनी काढून दिलेली मॅच तर तुम्ही दोघांनी, फोनवर का होईना, एकत्र बघितली असणार. उतरणीला लागलेला संघ असं खेळत नाही. यशस्वी जयस्वालचा जन्म २००१चा. गिलचा १९९९चा. माणसं आहेत. वेस्ट इंडिजची माणसंच आटली. आपल्याकडे रणजीला ३८ संघ खेळतात आणि रांग संपत नाही.

नाशिकपुरतं बघायचं तरी पुरे. सत्यजित बच्छाव वर्षानुवर्षं महाराष्ट्रासाठी डावखुरी फिरकी टाकतोय. रामकृष्ण घोषला चेन्नईने आयपीएलमध्ये घेतलं. साहिल पारखने २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या १९ वर्षांखालील संघाविरुद्ध शतक ठोकलं. सिन्नरकडच्या माया सोनवणेची ती अंगाची कमान करून टाकलेली लेगस्पिन सगळ्या देशाने बघितली. आणि मुलींचं निघालंच आहे तर, २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तोही दक्षिण आफ्रिकेलाच हरवून. तुमच्या भांडणात त्याचा उल्लेख एकदाही नाही हे मी नोंदवून ठेवलंय.

मग माझी काळजी कुठे आहे? तर ती नेट्समध्ये आहे. सकाळी कुठल्याही मैदानावर चला, मुलं सरावाला असतात. बारा-तेरा वर्षांचा एखादा पोरगा बघा. वेगवान चेंडूला सुरेख खेळेल, पुलही मारेल. मग समोर एक ऑफस्पिनर येतो. पोरगा चेंडू हातातून सुटायच्या आधीच डावा पाय लेगच्या बाहेर काढतो आणि बॅट आडवी फिरवतो. बसला तर जाळीवरून बाहेर. नाही बसला तर चेंडू बॅट आणि पॅडच्या मधून आत. सर ओरडतात, "अरे पाय! पाय कुठंय?" पोरगा मान हलवतो आणि पुढच्या चेंडूला पुन्हा तेच करतो, कारण कडेला उभ्या असलेल्या बाबांनी पहिल्या सिक्सला टाळ्या वाजवलेल्या असतात. मऊ हातांनी चेंडू पायाशी मारून ठेवणं, वळणाच्या आत पोचणं, क्रीजच्या खोल जाऊन उशिरा खेळणं, हे शिकवायला वेळ लागतो आणि त्याला टाळ्या पडत नाहीत. दादा आयपीएलला शिव्या देत असतील तर त्यांना म्हणावं, अर्धंच खरं आहे. जयस्वाल आणि पंतही आयपीएलमध्येच नावारूपाला आले. दोष स्पर्धेचा कमी आणि कडेला उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांचा जास्त.

२०१३ मध्ये जे वर आले ते रणजीत घासूनपुसून आलेले होते. जडेजाच्या नावावर तेव्हा रणजीत तीन त्रिशतकं होती, पुजाराने देशांतर्गत क्रिकेटमध्ये धावांच्या राशी ओतल्या होत्या. आताच्यांना तेवढा वेळ मिळतच नाही. ऑस्ट्रेलियात ३-१ हरून आल्यावर २०२५च्या जानेवारीत बोर्डाने सगळ्यांना रणजी खेळायला लावलं. विराट दिल्लीकडून उतरला, स्टेडियमवर गर्दी लोटली आणि तो सहा धावांवर त्रिफळाचीत झाला. त्याच महिन्यात आपल्या गोल्फ क्लब मैदानावर महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला, पहिल्या दर्जाचं क्रिकेट, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. तुम्ही गेला होतात का?

म्हणून माझं उत्तर असं: घरच्या कसोटीतला दबदबा संपला, तो दोन-तीन वर्षं आधीच झिजायला लागला होता, आणि संघ मात्र संपलेला नाही. २०१३ सारखं दोन महिन्यांत सगळं सुरळीत होईल असंही मला वाटत नाही. अश्विनचे ५३७ बळी परत येणार नाहीत, आणि त्याच्या धावा तर कुणी मोजल्याच नव्हत्या. मी तीन-चार वर्षं धरून चालले आहे.

आता दादांचं. खरं तर पत्र तुम्ही यासाठीच लिहिलंत, क्रिकेट हे निमित्त.

तुम्ही त्यांना संघावरून काहीही बोलला असतात तरी ते दोन दिवसांत विसरले असते. तुम्ही बागेवरून बोललात. ज्या वर्षी माणसाने खरड छाटणीपासून पदरचे पैसे घातले, पावसात फवारण्या केल्या, आणि छाटणीनंतर रोज सकाळी जाऊन बघितलं तर काडीला घडाऐवजी नुसतं बाळीचं, वेलीच्या तणाव्याचं, वेटोळं, त्या वर्षी सख्ख्या भावाने ते चारचौघांत काढलं. ग्रुपवर तुमच्या बहिणी आहेत, त्यांचे यजमान आहेत, पोरं आहेत. तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो, त्यांचं वर्ष एका पावसात जातं. हे ते कधी बोलून दाखवणार नाहीत. थोरल्यांना बोलता येत नाही, म्हणून ते ग्रुप सोडतात.

फोन करत बसू नका. तुम्हाला सुट्टी असेल त्या दिवशी सरळ गावी जा. एकटे जा, बायको-पोरांना पुढे करू नका. पोचल्यावर पहिली गोष्ट, बागेत चला म्हणा. माफीचं लांबलचक भाषण नको, दादांना ते ऐकवणार नाही आणि तुम्हाला जमणार नाही. "मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं," एवढं पुरे. मग या वर्षी खर्चाचं काय, सोसायटीचं काय, पोराची फी भरायची आहे का, हे विचारा आणि उत्तर आलं तर करण्याची तयारी ठेवून विचारा. उगाच विचारायचं म्हणून विचारू नका, ते लगेच कळतं. वहिनींशीही वेगळं बोला. "बरं आहे"च्या मागे त्यांनी बरंच धरून ठेवलं असणार.

आणि लिहिलंत ग्रुपवर, तर ग्रुपवरही एक ओळ टाका. जे चारचौघांत बोललं ते चारचौघांतच परत घ्यायचं. दादांना परत ॲड मात्र तुम्ही करू नका, ते त्यांचं ते बघतील.

मिसळ लांबवू नका. सगळ्यांना गाडीत घालून गंगापूर रोडला नाहीतर मखमलाबादला न्या, काळ्या मसाल्याच्या रश्श्याची, सोबत पापड. तिथे दादांनी क्रिकेटचा विषय काढला तर बोला. त्यांनी काढायच्या आधी तुम्ही काढू नका, आणि "तसं बघितलं तर टॉस" हे चार शब्द तर अजिबात नकोत.

नवी पैज लावायचीच असेल तर चांगली संधी आहे. २०२७च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया पाच कसोटींसाठी भारतात येणार आहे. तोवर दोघं मिळून एखादा रणजी सामना मैदानावर जाऊन बघा आणि मग आपापल्या बाजू निवडा. मला विचाराल, तर ती मालिका आपण जिंकू, पण घासून, आणि आखाडे केले नाहीत तरच. माझंही नाव पैजेत घ्या. हरले तर मिसळ माझ्याकडून, फक्त माझ्या वाटीत तर्री कमी घालायला सांगा.